सनदी कंपनीचं बिल: सरकारवरचा जुना दावा ओळीने कसा तपासावा

१९१९ च्या जुलैत लंडनमध्ये तीन जणांची एक समिती नेमली गेली. अध्यक्ष लॉर्ड केव्ह हे कायद्याचे माणूस. दुसरे लॉर्ड चामर्स, ब्रिटिश अर्थखात्यात मुरलेले आणि मध्यंतरी सिलोनचे गव्हर्नर राहिलेले. तिसरे सर विल्यम पीट, पेशाने हिशेबनीस. काम एकच: ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी या सनदी कंपनीने, म्हणजे राजाची सनद घेऊन मुलूख चालवणाऱ्या व्यापारी कंपनीने, दक्षिण रोडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे, सरकारच्या वतीने चालवताना पदरचे किती पैसे घातले ते ठरवायचं. कंपनीचं म्हणणं होतं, सुमारे ७८ लाख पौंड. समितीने जानेवारी १९२१ मध्ये आकडा दिला ४४,३५,२२५ पौंड, आणि तोही ३१ मार्च १९१८ या तारखेपर्यंतचा.

शंभर मागितले आणि सत्तावन्नच्या आसपास पदरात पडले. मधले त्रेचाळीस कुठे गेले? असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. इतिहासाचा प्रबंध लिहिणारे, कायद्याचे विद्यार्थी, किंवा माझ्यासारखे दिवसभर लोकांचे ताळेबंद तपासून रात्री जुन्या वह्यांत डोकं घालणारे, कोणालाही ही पद्धत वापरता येईल. उदाहरण मुख्यतः रोडेशियाचं घेतो, कारण त्याचे कागद भरपूर आहेत आणि भांडण खुल्या न्यायासनासमोर झालं. जिथे ईस्ट इंडिया कंपनी जास्त उपयोगी पडते तिथे तिला बोलावू.

सुरुवातीची तयारी

एक स्प्रेडशीट उघडा आणि सात रकाने करा: तारीख, रक्कम, खर्च कोणत्या नात्याने केला, कोणाच्या हुकमाने केला, पुरावा काय, मंजूर की नामंजूर, आणि शेवटी भरणारा कोण. सातवा रकाना बहुतेक जण करतच नाहीत. माझं मत विचाराल तर पहिले सहा त्या सातव्यासाठीच भरायचे असतात. पण तो शेवटी भरेल, घाई नको.

रकमेच्या रकान्याबद्दल आधीच सांगतो, कारण मी स्वतः इथे तोंडावर आपटलो आहे. जुना पौंड म्हणजे २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. पहिल्यांदा मी ३ शिलिंग सरळ .३ असे टाकत गेलो. दोन रात्री बेरीज जुळेना. पौंड, शिलिंग, पेन्स असे तीन वेगळे उपरकाने ठेवा आणि चौथ्यात सूत्र घाला: पौंड, अधिक शिलिंग भागिले २०, अधिक पेन्स भागिले २४०. मग ३ शिलिंग ३ पेन्स म्हणजे .१६२५ येतात. आपल्या रुपये-आणे-पैच्या वह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे नवीन नाही.

पायरी १: सनद वाचा आणि तिची मुदत बघा

दाव्याची पहिली ओळ वाचण्याआधी कंपनीची सनद वाचायची. कंपनीने काय केलं हे पुढचं; तिला काय करायची परवानगी होती हे आधी. ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला राजसनद मिळाली २९ ऑक्टोबर १८८९ रोजी. मागे हिऱ्यांच्या खाणींवर श्रीमंत झालेला सेसिल ऱ्होड्स, भांडवल सुरुवातीला १० लाख पौंड. या सनदेत पंचवीस वर्षांनी फेरविचाराची सोय होती, म्हणजे ऑक्टोबर १९१४. आता गंमत बघा: जमिनीच्या मालकीचं भांडण प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनमधल्या वसाहतींच्या सर्वोच्च न्यायासनाकडे, गेलं जुलै १९१४ मध्ये. मुदतीची तारीख जवळ आली की अशी भांडणं बाहेर पडतात. भाडेकरार संपायच्या सुमारास घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही अचानक दुरुस्तीच्या जुन्या पावत्या आठवतात, तसं.

म्हणून स्प्रेडशीटच्या डोक्यावर सनदेची तारीख, मुदत आणि नूतनीकरणाच्या तारखा लिहून ठेवा. दाव्यातल्या प्रत्येक मोठ्या हालचालीशी त्या ताडून पाहा.

पायरी २: मागतायत काय, जमीन की पैसे?

ही पायरी सर्वांत जास्त वेळ खाते आणि खाऊ द्यावी. सनदी कंपनीचा दावा दोन प्रकारचा असू शकतो. एक, “हा मुलूख, ही जमीन, ही खनिजं आमच्या मालकीची आहेत, घ्यायची तर किंमत द्या.” दोन, “आम्ही तुमच्या वतीने राज्य चालवलं, तोटा झाला, तो भरून द्या.” कंपन्या हे दोन्ही दावे एकात एक मिसळून मांडतात. तपासणाऱ्याने ते सुटे करायचे.

रोडेशियातल्या हक्कांची साखळी अशी. ३० ऑक्टोबर १८८८ रोजी एनडेबेले राजा लोबेन्गुला याने रड नावाच्या ऱ्होड्सच्या माणसाला सवलतपत्र दिलं. मोबदला: महिना १०० पौंड, १,००० मार्टिनी-हेन्री बंदुका, १ लाख काडतुसं, आणि झांबेझी नदीवर एक बंदुकधारी आगबोट किंवा तिच्या बदली ५०० पौंड. मिळालं काय? खनिजांचा हक्क. जमिनीचा एक शब्द नाही. कंपनीने मात्र १८९० मध्ये तुकडी पाठवली, १२ सप्टेंबरला सॉल्सबरीचा किल्ला उभारला आणि तुकडीतल्या लोकांना ३,००० एकरांची शेतं कबूल केली. ज्या जमिनीचा कागद हातात नाही तीच जमीन.

हे भोक बुजवायला १८९१ मध्ये एक संधी आली. एडुआर्ड लिपर्ट नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने लोबेन्गुलाकडून जमिनीचे हक्क वाटण्याचं वेगळं सवलतपत्र मिळवलं होतं. ऱ्होड्सच्या माणसांना अडवायला लोबेन्गुलाने ते दिलं, असा बहुतेकांचा समज. लिपर्टने ते थेट ऱ्होड्सच्याच कंपनीला विकलं. राजाने शत्रूच्या शत्रूला दिलेला कागद शत्रूच्याच खिशात गेला.

१९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर चार पक्ष उभे होते: कंपनी, गोरे वसाहतवाले, मूळ आफ्रिकी लोकांच्या बाजूने उभे केलेले वकील आणि खुद्द राजसत्ता. वाद होता अजून कोणाला न दिलेल्या जमिनीचा. २९ जुलै १९१८ रोजी लॉर्ड सम्नर यांनी निकाल वाचला. लिपर्टचा कागद मालकीहक्काचा दस्तऐवज म्हणून कवडीमोल ठरला. वसाहतवाल्यांचा हक्कही गेला. आफ्रिकी लोकांचा दावा फेटाळताना वापरलेली भाषा आज वाचताना अंगावर काटा येतो. काही समाज सामाजिक रचनेत इतके खालचे की आपल्या मालकीच्या कल्पना त्यांना लावता येत नाहीत, असा तिचा सूर. जमीन राजसत्तेची ठरली.

पण कंपनी रिकाम्या हाताने परतली नाही. न्यायासनाने म्हटलं की कंपनीने राजसत्तेच्या वतीने कारभार केला आहे, तेव्हा तिच्या व्यापारी बाजूने प्रशासकीय बाजूला घातलेले आणि वसूल न झालेले पैसे राजसत्तेकडून मागण्याचा तिला हक्क आहे. अट दोन शब्दांत होती: खर्च “आवश्यक” आणि “योग्य” असला पाहिजे. जमिनीचा दावा हरला, त्याच कागदावर पैशाचा दावा उभा राहिला. केव्ह समितीचं सगळं काम या दोन विशेषणांवर चाललं.

तुमच्या उदाहरणात असा वळणाचा कागद शोधा. तो सापडेपर्यंत आकड्यांना हात लावू नका.

पायरी ३: दोन टोप्या, दोन खाती

सनदी कंपनी एकाच वेळी राजा आणि वाणी असते. पोलिसांचा पगार राजा म्हणून, सोन्याच्या खाणीतला हिस्सा वाणी म्हणून. लंडनच्या कचेरीचं भाडं कोणत्या नात्याने? संचालकांचं मानधन? तार पाठवायचा खर्च, ज्या तारेत अर्धा मजकूर शेअरच्या भावाबद्दल आणि अर्धा बंडाबद्दल आहे? तिसरा रकाना इथे भरायचा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बाबतीत पार्लमेंटने हे काम कायद्यानेच करायला लावलं. १८१३ च्या सनदी कायद्याने मुलखी हिशेब आणि व्यापारी हिशेब वेगळे ठेवण्याची सक्ती झाली. त्याआधीच्या दोनशे वर्षांत ते एकाच गाठोड्यात होते. त्यामुळे १८१३ च्या आधीची रक्कम वाचताना आणि नंतरची रक्कम वाचताना वेगळा चष्मा लावावा लागतो. रोडेशियातही वसाहतवाल्यांची जुनी ओरड हीच: आमच्या करातून नेमका कोणाचा तोटा भरला जातोय?

मला स्वतःला या पायरीवर नेहमी महादजी शिंदे आठवतात. १७९२ मध्ये ते पुण्याला आले तेव्हा पेशव्यांना वकील-इ-मुतलकीची, म्हणजे मोगल बादशहाच्या मुखत्यारीची, वस्त्रं देण्याचा थाट झाला, पण दरबारात आत धुमसणारा एक विषय हिंदुस्थानातल्या मोहिमांच्या खर्चाचा होता. शिंद्यांचं म्हणणं, फौज पेशव्यांच्या कामासाठी पोसली, देणं झालं ते सरकारने वारावं. नाना फडणवीसांचं म्हणणं, उत्तरेतला वसूल किती आला तो आधी दाखवा. आता हे वाचून केव्ह समितीचा कागद उघडा. सनद राणीची असो की सरंजाम पेशव्यांचा, मुलूख दुसऱ्याच्या नावाने राखणारा आणि खर्च मागणारा यांच्यात वाद याच ओळीवर येतो: खर्च दाखवतोस, जमा कुठे आहे?

तेव्हा नियम असा ठेवा: खर्चाच्या प्रत्येक गटासमोर त्याच प्रदेशातून, त्याच काळात आलेली जमा शोधायची. नुसती खर्चाची यादी म्हणजे दावा होत नाही.

पायरी ४: रोख न देता भागवलेले खर्च

हिशेब तपासणाऱ्याला इथे खरी मजा येते. १८९३ मध्ये कंपनीने मॅटाबेलेलँडवर, म्हणजे लोबेन्गुलाच्या राज्यावर, चाल केली. स्वयंसेवकांना रोख पगाराऐवजी काय कबूल केलं? माणशी सुमारे ६,००० एकर शेत, सोन्याचे २० क्लेम, म्हणजे खाणकामासाठी आखलेले तुकडे, आणि लुटीत वाटा. लुटीतला अर्धा भाग कंपनीचा, अर्धा शिपाई-अधिकाऱ्यांचा. लूट म्हणजे मुख्यतः गुरं.

आता ही ओळ खतावणीत कुठे जाईल? कंपनी म्हणेल, युद्धाचा खर्च आम्ही केला. केला खरा, पण त्यातला मोठा भाग दिला तो जमिनीने, आणि १९१८ च्या निकालानंतर ती जमीन कंपनीची नव्हतीच. दुसऱ्याच्या शेतातलं पीक देऊन मजुरी भागवायची आणि नंतर त्याच शेतमालकाकडे मजुरीचं बिल धाडायचं, असला हा प्रकार. तसंच कंपनीने कधी कधी दुसऱ्या कंपन्यांना जमीन दिली आणि बदल्यात त्यांचे शेअर घेतले. रोख वहीत यातलं काही दिसत नाही.

तपासायची रीत: दाव्याच्या काळात दिलेल्या जमिनींची यादी वेगळी करा. प्रत्येकीसमोर तीन खुणांपैकी एक टाका: पैसे घेऊन विकली, सेवेबद्दल दिली, शेअरबद्दल दिली. पहिल्या प्रकारातली रक्कम प्रशासनाच्या जमेत आलीच पाहिजे. उरलेल्या दोन प्रकारांत कंपनीला काहीतरी फायदा झालेला असतो; तो वजा झाला की नाही ते बघा. जमिनीची किंमत तुम्ही स्वतः ठरवत बसू नका. त्या काळच्या विक्रीतली एकरी किंमत सापडली तर तेवढीच वापरा, नाहीतर नुसतं क्षेत्र नोंदवा.

पायरी ५: आकड्याच्या शेपटीकडे बघा

एक छोटी युक्ती. १८९५ च्या डिसेंबरअखेर रोडेशियातला कंपनीचा कारभारी डॉ. जेमसन याने कंपनीचे पोलीस घेऊन शेजारच्या ट्रान्सव्हाल या बोअर प्रजासत्ताकावर धाड घातली आणि चार दिवसांत पकडला गेला. पुढे ट्रान्सव्हालचे अध्यक्ष क्रूगर यांच्या सरकारने भरपाई मागितली. एक रक्कम होती ६,७७,९३८ पौंड, ३ शिलिंग, ३ पेन्स. दुसरी होती “नैतिक आणि बौद्धिक हानी” बद्दल १० लाख पौंड.

तीन पेन्सपर्यंत जाणारा आकडा वह्यांतून आलेला असतो. कोणीतरी बेरीज केली आहे, प्रत्येक पावती मागता येते. गोल आकडा वाटाघाटीच्या टेबलावरून आलेला असतो. दोन्ही एकाच पत्रात असले तरी चौथा आणि पाचवा रकाना भरताना त्यांना वेगळं वागवा. केव्ह समितीचा ४४,३५,२२५ हा पहिल्या जातीचा. शेवटी प्रत्यक्षात दिलेला ३७,५०,००० हा दुसऱ्या जातीचा. पहिला ठरवला हिशेबनिसांनी, दुसरा मंत्र्यांनी.

याच धाडीमुळे दुसराही प्रश्न येतो. “योग्य” खर्च म्हणजे काय? कंपनीचे पोलीस प्रशासनाचे नोकर, पण त्या आठवड्यात ते परक्या राज्यावर चालून गेले होते. अशा घटना वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा. त्यांच्या आगेमागे महिन्याभराचे सगळे खर्च बारकाईने वाचा.

पायरी ६: व्याज

मुद्दल कमी आणि व्याज जास्त, हे सावकारी पाशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सनदी कंपनीच्या दाव्यात व्याजाची ओळ कधी उघड असते, कधी दुसऱ्या नावाखाली. ती शोधायची सवय लागण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीचं एक साधं गणित करून बघा.

१६९८ मध्ये जुन्या कंपनीला प्रतिस्पर्धी म्हणून निघालेल्या नव्या ईस्ट इंडिया कंपनीकडून सरकारला कर्ज मिळालं २० लाख पौंड, ८ टक्क्यांनी. वर्षाचं व्याज १,६०,०००. १७०८ मध्ये जुनी आणि नवी कंपनी एक होताना सरकारने आणखी १२ लाख घेतले, वेगळं व्याज न देता. एकूण ३२ लाख, आणि दर झाला ५ टक्के. ३२ लाखांवर ५ टक्के म्हणजे किती? १,६०,०००. सरकारच्या खिशातून एक पौंडही जास्त गेला नाही आणि १२ लाख जास्त मिळाले. सनद टिकवण्याची ती किंमत होती. १७४४ मध्ये आणखी १० लाख ३ टक्क्यांनी दिले आणि येणं ४२ लाखांवर गेलं.

हे गणित हाताने केलं की कळतं, दर घसरलेला दिसला तर लगेच “कंपनीने सवलत दिली” असं लिहू नये. मागे कोणता हक्क पदरात पडला ते बघावं. रोडेशियाच्या बाबतीतही व्याजाचा प्रश्न डोळ्यांआड करू नका: कंपनीने राज्यकारभाराच्या सगळ्या काळात, १९२३ पर्यंत, भागधारकांना एकदाही लाभांश दिला नव्हता. भागधारकांचा तगादा दाव्याच्या भाषेत डोकावतो.

पायरी ७: सरकारची उलट खेळी

दावा आला की सरकार तीनपैकी एक गोष्ट करतं. हिशेब तपासतं, उलट दावा ठोकतं, किंवा कायदाच बदलतं.

कायदा बदलण्याचं उत्तम उदाहरण १७८८ चं. आदल्या वर्षी युरोपात युद्धाचं वारं वाहिलं म्हणून सरकारने हिंदुस्थानात चार शाही पलटणी पाठवायचं ठरवलं. धोका टळला, तशी कंपनी म्हणाली, आम्हाला या पलटणी नकोत, खर्च देणार नाही. पंतप्रधान धाकट्या पिटने पार्लमेंटमध्ये जुन्या कायद्याचा खुलासा करणारा कायदा (डिक्लेरेटरी ॲक्ट) आणला आणि कंपनीवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियंत्रण मंडळाला तो खर्च हिंदुस्थानच्या वसुलातून काढायचा अधिकार आहे असं ठरवून टाकलं. हिशेबाचा वाद मिटला, आणि पलटणींचं बिल गेलं हिंदुस्थानात.

उलट्या दिशेचं बिलही होतं. १८०१ मध्ये जनरल बेअर्ड याच्या हाताखाली हिंदुस्थानातून फौज तांबड्या समुद्रातून इजिप्तला गेली, त्यात मुंबई इलाख्याचे शिपाई होते. फ्रेंचांशी लढणं हे इंग्लंडचं काम. मग शिपायांचा खर्च कोणाचा? कंपनीने सरकारकडे मागितला आणि तो वाद कित्येक वर्षं चालला. आपल्याकडच्या अभ्यासकांना हा धागा हाताशी आहे: मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई इलाख्याच्या लष्करी आणि सार्वजनिक खात्यांच्या वह्या आहेत. लंडनचा कागद दाव्याची बेरीज दाखवेल. इथल्या वहीत पखालवाला, बैल आणि जहाजभाडं असतं.

रोडेशियात सरकारने दुसरा मार्ग धरला. केव्ह समितीचा आकडा आल्यावर पैसे येईनात, तेव्हा कंपनीने राजसत्तेविरुद्ध रीतसर कोर्टाचा अर्ज केला. सरकारने उलट सांगितलं, पहिल्या महायुद्धात आम्ही खर्च केलेले २० लाख पौंड आधी द्या. दरम्यान दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स पुढे आले: रोडेशिया आमच्यात सामील झाला तर कंपनीला ६८,३६,५०० पौंड देऊ. म्हणजे एकाच मालमत्तेवर बाजारात आता दोन भाव होते. २७ ऑक्टोबर १९२२ रोजी मतदारांनी, जे जवळजवळ सगळे गोरे होते, ८,७७४ विरुद्ध ५,९८९ मतांनी सामीलीकरण नाकारलं. स्मट्सचा भाव मेला.

तुमच्या शीटमध्ये इथे एक वेगळं पान करा: “बाहेरचे भाव”. कोणी तिसऱ्याने काय देऊ केलं आणि ते केव्हा बाद झालं. तडजोडीचा आकडा त्याच्याशिवाय समजत नाही.

पायरी ८: तडजोडीत रोख किती, आणि काय ठेवू दिलं

२९ सप्टेंबर १९२३ चा करार झाला तेव्हा सगळे थकीत वाद एकदम मिटवले. कंपनीला ३७ लाख ५० हजार पौंड रोख. केव्हच्या आकड्याच्या जेमतेम ८५ टक्के. कंपनीचा पराभव झाला असं वाटतं ना? आता पुढची ओळ वाचा. दोन्ही रोडेशियांतले, म्हणजे दक्षिण आणि उत्तर (आजचा झांबिया) इथले, खनिज हक्क कंपनीकडे राहिले आणि सरकारने ते मान्य केले. रेल्वेतला हिस्सा राहिला. वायव्य रोडेशियातल्या जमीनविक्रीच्या निव्वळ उत्पन्नाचा अर्धा वाटा १९६५ पर्यंत राहिला.

आणि १९२४ मध्ये कंपनीने पहिला लाभांश वाटला.

त्या वेळी उत्तर रोडेशियातल्या तांब्याचा मोठा पट्टा नीट कळलेलाही नव्हता. तो कळला तसा हा “ठेवू दिलेला” हक्क रोख रकमेपेक्षा कितीतरी मोठा ठरला. दक्षिण रोडेशियाच्या सरकारने १९३३ मध्ये आपल्या हद्दीतले खनिज हक्क २० लाख पौंडांना विकत घेतले. उत्तरेतले मात्र कंपनीकडेच राहिले.

ही युक्ती जुनीच. हडसन बे कंपनीने १८७० मध्ये कॅनडाला मुलूख सोडताना ३ लाख पौंड घेतले आणि सुपीक पट्ट्याचा विसावा भाग स्वतःकडे ठेवला. रॉयल नायजर कंपनीची सनद १८९९ अखेर काढून घेतली तेव्हा ८,६५,००० पौंड मिळाले, शिवाय काही भागातल्या खाणींच्या स्वामित्वशुल्काचा अर्धा वाटा ९९ वर्षांसाठी. वृत्तपत्रांत रोख रक्कम छापून येते. करारातली “शिवाय”ने सुरू होणारी वाक्यं अधोरेखित करत जा.

पायरी ९: सातवा रकाना

आता शेवटी भरणारा कोण.

इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनी, म्हणजे आजच्या केनियावर राज्य करणारी, १८९५ मध्ये २,५०,००० पौंडांत मोकळी केली गेली. ब्रिटिश तिजोरीतून गेले ५०,०००. उरलेले २,००,००० झांझिबारच्या सुलतानाच्या पैशांतून. ज्याचा किनारा कंपनीने भाड्याने घेतला होता, त्याच्याच पैशाने कंपनीला निरोप दिला.

ईस्ट इंडिया कंपनीचं बघा. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला. भागधारकांना ६० लाखांच्या भागांवर साडेदहा टक्के लाभांश ठरवला, म्हणजे वर्षाला ६,३०,००० पौंड. हा भार हिंदुस्थानच्या महसुलावर. भाग परत घ्यायचे तेव्हा १०० ला २०० द्यायचे. चाळीस वर्षांचा साधा गुणाकार केला तर नुसता लाभांश २ कोटी ५२ लाख पौंड होतो. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं, पण कायद्यात हा लाभांश आणि कंपनीची कर्जं हिंदुस्थानच्याच महसुलावर राहिली. १ जून १८७४ ला कंपनी विसर्जित झाली. पुणे, सातारा, नगरचा शेतसारा ज्या तिजोरीत जात होता तिथूनच हे सगळं निघालं.

“हा खर्च विलायतेचा की हिंदुस्थानचा” हा प्रश्न पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे आला. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले त्या कमिशनसमोर साक्ष द्यायला लंडनला गेले. वय तीस, आणि हातात आकड्यांचे तक्ते. दादाभाई नौरोजी त्याच कमिशनचे सदस्य होते. त्या साक्षीतली प्रश्नोत्तरं उपलब्ध आहेत. हिशेबाचे प्रश्न उलटतपासणीत कसे झेलावेत हे शिकायचं असेल तर ती जरूर वाचा. माझ्या मते हिशेबनिसांच्या अभ्यासक्रमात ती असायला हवी.

रोडेशियात? ३७ लाख ५० हजारांपैकी २० लाख नव्या वसाहतीच्या सरकारने न विकलेल्या जमिनी आणि सार्वजनिक इमारतींबद्दल ब्रिटनला द्यायचे ठरले. वसाहतीने ते कर्ज काढून उभे केले. कर्ज फिटणार करातून, आणि कर देणाऱ्यांत झोपडीकर भरणारे, म्हणजे दर झोपडीमागे कर देणारे, ते आफ्रिकी लोकही होते ज्यांचा जमिनीवरचा दावा १९१८ मध्ये फेटाळला गेला होता. १९३३ चे २० लाखही त्याच तिजोरीतून.

उत्तरेचा हिशेब राहिला १९६४ पर्यंत. झांबियाचा स्वातंत्र्यदिन ठरला होता २४ ऑक्टोबर. त्याआधी महिनाभर उत्तर रोडेशियाच्या सरकारने आपली बाजू छापून मांडली: कंपनीचे हक्क लोझी राजा लेवानिका याच्याशी झालेल्या तहांवर उभे आहेत, आणि तांब्याचा पट्टा लेवानिकाच्या राज्यात कधी नव्हताच. म्हणजे पुन्हा पायरी २. वाटाघाटी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आल्या. अर्थमंत्री आर्थर विना लुसाकात कंपनीच्या लोकांशी बोलत होते आणि बाहेर समारंभाची तयारी चालली होती. कंपनीने ४० लाख पौंडांवर हक्क सोडले. शीटमधली शेवटची ओळ म्हणून ती मी अशी लिहिली आहे: रक्कम: ४०,००,०००; नातं: खनिज हक्क; पुरावा: वादग्रस्त; निर्णय: मंजूर; भरणारा: ब्रिटन २०,००,०००, आणि अजून जन्माला न आलेला झांबिया २०,००,०००.